अच्चायनचं लाल नाव

कुट्टनाडच्या जेट्टीवर सुभद्राटीचर पेपर उघडून बोटीची वाट बघत होत्या. पण मागच्या बाकावर औसेप अच्चायन आणि त्यांचा शेजारी बिनीष मोबाइलवर वाकून बोलत होते, त्यामुळे टीचरचं पान काही उलटेना.

"बिनीष, विकिपीडियावर आपल्या गावाचं पान तूच लिहिलंस ना? मग त्यात माझंच नाव लाल का?"

"अच्चायन, नावाभोवती दुहेरी चौकोनी कंस घातले की त्याचा दुवा होतो. त्या माणसाचं वेगळं पान असेल तर निळा, नसेल तर लाल."

"नवऱ्या मुलाच्या बापानं ते लाल नाव बघून फोन करून विचारलं, पोलिसांत काही आहे का म्हणून! आज पोरीचं लग्न ठरवायला निघालोय मी."

"मग कंस काढतो. नाव साधं काळं होईल."

"आणि त्या तंकच्चनचं निळंच? होड्यांच्या शर्यतीत त्याच्यासारखं सुकाणू मीही धरलंय. माझंही पान लिही."

"लिहितो की. पण पुरावा लागतो. पेपरात कधी आलात?"

"आलोय तर! पहिल्या पानावर, फोटोसकट!"

"वा! कशाबद्दल?"

"ते... जुनं आहे रे."

"जुनंही चालतं."

"मंत्र्यांसमोर आमची होडी उलटली होती."

"सुकाणूवर कोण होतं?"

"तू कंस काढ. काळा रंग वाईट नसतो."

"काढले. बघा, आता तुम्ही गावातल्या चारचौघांसारखे."

बोटीचा भोंगा वाजला.

"बिनीष, थांब. तंकच्चनचेही काढ."