भांडण आणि म्हावरा

संख्याशास्त्राच्या प्रोजेक्टला मी कुठला डेटा घेतला होता, माहितीये? आमच्या घरचा. दोन महिने रोज लिहून ठेवलं, आई-बाबांचं भांडण झालं का आणि जेवणात मासे होते का. सोमवार, गुरुवार, चतुर्थी वगळली. दोन बाय दोनचा तक्ता मांडला, तर भांडणाचे जवळजवळ सगळे दिवस बिनमाशांचे निघाले.

जेवताना मी ऐटीत निष्कर्ष सांगितला, "मासे नसले की बाबा चिडतात, मग भांडण होतं."

आई भात वाढत म्हणाली, "उलटा हाय. सकाळी भांडण झाला, का मी म्हावरा आणतच नाय."

बाबांचा घास हातातच राहिला. "तीस वर्षं मी समजतोय, पनवेलच्या बाजारातच म्हावरा नाय आला."