दारुमाचा दुसरा डोळा

मंडळी, आज एकच विचारतो — घर आपलं होतं केव्हा? दारावर नावाची पाटी लागली की? वास्तुशांतीचं जेवण झालं की? माना हलवू नका उगाच! पेटीवाले, तुम्हीसुद्धा! आधी ऐका.

सांगलीत मृदुला नावाची एक सून. नवा फ्लॅट, नवरा श्रीरंग, आणि गावाकडचं घर बंद करून कायमच्या राहायला आलेल्या सासूबाई — द्वारकाबाई. सासू कशी? भांडखोर? छे हो! भांडल्या असत्या तर बरं झालं असतं! चहा करायचा तरी विचारणार, "मृदुला, तुझ्या गॅसवर पाणी ठेवू का गं?" कपाट रिकामं करून दिलं, तरी लुगडी पिशवीतच! सुनेच्या जिवाला फार लागायचं हो ते.

एकदा शहरात जपानी हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. मृदुला म्हणाली, "आई, चला. हॉल सजवायचाय, तुमच्या पसंतीनं घेऊ." गेल्या दोघी. कागदाचे कंदील काय, बांबूच्या टोपल्या काय, निळीत रंगवलेले पडदे काय! द्वारकाबाईंनी मातीचा एक कप उचलला, फिरवून पाहिला — "अगं, याचा कान तुटलाय!"

"आई, त्यांच्या कपाला कान नसतोच."

"मग गरम चहा धरायचा कशानं? पदरानं?"

हसलात ना? मृदुलाही हसली. पण "कंदील कुठला घेऊ?" विचारलं, की उत्तर ठरलेलं — "तुमचं घर, तुम्हाला आवडेल तो घ्या." आणि बाई दाराशी खुर्चीवर जाऊन बसल्या!

मृदुलाचं मन खट्टू झालं. घेतला एक कंदील आपल्याच मनानं. तेवढ्यात समोर दिसला एक बाहुला! कागदाच्या लगद्याचा, लालभडक, गोलमटोल, मिशा ह्या एवढ्या — आणि डोळे कोरे! दुकानदार म्हणाला, "ताई, हा दारुमा. मनात इच्छा धरायची नि एक डोळा रंगवायचा. इच्छा पुरी झाली, की दुसरा."

घरी येऊन मृदुलानं एक डोळा रंगवला. काय मागितलं असेल? सोनं? परदेशवारी? नाही हो! — "आईंनी या घराला आपलं म्हणावं." बस्स! कुणाजवळ बोलली नाही. बाहुला ठेवला टीव्हीशेजारी, कंदील टांगला दारात, आणि सकाळी गेली कामाला.

इकडे द्वारकाबाई पाहतात तो काय — एका डोळ्याचा बाबा त्यांच्याकडे टक लावून बसलेला! अहो, जरा टवका उडालेली मूर्ती ज्या बाईनं कधी घरात ठेवली नाही, तिला हे बघवेल? उठल्या, काजळाची डबी काढली, करंगळी बुडवली — काढला डोळा! वर दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट!

संध्याकाळी मृदुला आली. बघते तर दोन डोळे! चरकली बिचारी. आता नवस फुकट गेला की काय! "आई! हे काय केलंत? मला विचारायचं तरी!"

एरवी द्वारकाबाई ओशाळल्या असत्या. "चुकलं गं बाई," म्हणाल्या असत्या. पण त्या दिवशी? कमरेवर हात! "विचारायचं काय त्यात? आपल्या घरात असली अर्धवट मूर्ती मी चालवून घेणार नाही! आणि तो कंदील कुठं टांगलायस, येता-जाता डोक्याला लागतोय माझ्या! उद्या खिडकीत लाव!"

आपल्या घरात! मृदुला बघतच राहिली. राग गेला, भीती गेली, सासूच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"अगं, रडतेस काय? पुसून टाकते हवं तर!"

"नको आई, पुसू नका! अगदी छान झालाय!"

द्वारकाबाईंना काही कळेना. पण सून हसतेय ना, मग त्याही हसल्या.

आता तुमच्याकडे वळतो, मंडळी! घरी गेलात, की बघा — तुमच्याकडे एखादी वस्तू हलवायलाही कोण बिचकतं? म्हातारी आई? नवी सून? त्या माणसानं उद्या तुमची मांडामांड बिघडवली, तर ओरडू नका. पेढे वाटा! माणूस घरात रुळलं! अशा घरी पांडुरंगाला आवतण लागत नाही हो, तो आधीच येऊन पाट मांडून बसलेला असतो. चला, वाजवा टाळी, घ्या त्याचं नाव — आणि घरी जाऊन आधी त्या माणसाजवळ बसा!