हट म्हटलं की

माझं मूळ गाव कराडच्या पलीकडं, पन वडील वेल्डर म्हनून कॅनडात गेले, शाळकरी वयात मीबी गेलो, त्यामुळं माझी मराठी तितंच थांबली बघा, आईच्या तोंडातली. अंगानं मी आडमाप, तर तितल्या मास्तरानं फुटबॉलच्या लाइनीत उभा केला. पायानं मारायचा फुटबॉल न्हवं, हातात धरून पळायचा. आमचं काम एकच, चेंडू टाकनाऱ्याच्या पुढं भिंत हुयाची, चेंडूला हातबी लावायचा न्हाई. समोरचा गडी वारभर लांब, मधी नुसतं गवत आन् आमच्या तोंडाची वाफ.

काय सांगू तुम्हाला, पहिल्याच दिवशी मागनं चेंडूवाला वरडला, हट! म्हंजे चेंडू निघाला, अडवा. पन आमची आई म्हशीला हट म्हनायची, म्हंजे बाजूला हो. मी झालो की बाजूला! समोरचा माझ्या शेजारनं गेला आन् आमचा चेंडूवाला भुईसपाट. मास्तर म्हनला, अरं तू भिंत हैस का दार? मग लई वर्सं भिंतच झालो, पगार घिऊन. माझं नाव कुनाला ठाऊक नसायचं, पन माझ्या मागनं गडी सुखरूप निघाला की लई बरं वाटायचं.

त्या धडकांनी आता गुडघे गेले, डोक्यात धुकं साचतं. बायको गेल्यावर लेकीनं, सुजातानं, हितं सिंगापुरात, पुंगोलला, आपल्या घरी आनलं. नातीला, ईराला, शाळेतनं आनायचं काम माझं. हे येवढं तरी कुनी काढून घिऊ नये असं वाटतं. जाताना मी चालत जातो, येताना तिला एलआरटीच पायजे, म्हंजे पुलावरनं पळनारी बारकी रेल्वे. ती गाडी गोल फिरती. मागं एकदा ईरा खांद्यावर झोपली, खाली पानी, झाडं, सगळं सरकत हुतं, मला खेळाच्या मैदानातलं गवत दिसाय लागलं, आन् आमचं स्टेशन आलं, गेलं, परत आलं, परत गेलं. घरी सुजाता रडकुंडीला आलेली. म्हनाली, बाबा, उद्यापासून नको. लई लागलं.

ईराला हटची गोष्ट पाठ हाय. हितल्या पोरांगत बोलन्याला लाहची शेपटी लावून ती म्हनाली, मम्मा, डोन्ट वरी लाह, मी जागी राहीन. तवा कुठं सुजाता तयार झाली.

आता स्टेशन आलं की ती कानाशी म्हनती, आजोबा, हट! डोक्याला कळायच्या आधी अंग उठतं. दारातल्या गर्दीत ती पुढं घुसती, एक्स्क्यूज मी आंटी, माय आजोबा कमिंग लाह, आन् मी तिच्या मागनं सुखरूप निघतो. एक दिवस ती हट म्हनंल आन् मी बसूनच ऱ्हाईन, ठाऊक हाय मला. तवर चाललंय. माझ्यापुढं भिंत हुनाऱ्या पोरीची वाट देव मोकळी ठेवो.