पितळेची कृपा

सुरुंगाच्या धुराचं मले नको सांगू भाऊ, मी तो गिळला आहे. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. चांद्याच्या कोळसा खाणीत मी मोजणीवाल्या सायबाची पितळी दुर्बीण उचलत होतो. सुरुंग उडाला का तांबूस धूर भरे, अन् तो विरायच्या आधीच मुकादम सगळ्यांले आत हाकले.

एक दिवस दुर्बिणीवर हिरवा थर दिसला. सायेब भडकला, "हे कशानं झालं?"

"धुरानं, सायेब. पितळ खाते तो."

लगेच हुकूम निघाला. धूर पुरा गेल्याशिवाय दुर्बीण आत न्यायची नाई.

कोळसा भरणारा माझा जोडीदार दामा खूश झाला. "मंग आमी बी थांबतो, सायेब. छाती जळून राह्यली."

"तुमच्यासाठी काम थांबवायचं? दुर्बीण विलायतेहून आणली आहे!"

पुढचा सुरुंग उडाला, दामा धुरातच आत गेला. मी बाहेर बसून चिंचेनं दुर्बीण घासली, झक्क उजळली. संध्याकाळी दामा धडधाकट घरी गेला, पण तो धूर रातभर छातीत मुरते; सकाळी श्वास कोंडून मेला.

लोक म्हणतात, तुले देवानं वाचवलं. देव कायचा? माझ्या हातात पितळ होतं.