म्हातारपणाची सोय

घर म्हणजे म्हातारपणाची सोय, हे आमचे बापूकाका चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकवायचे. कर्ज काढून त्यांनी लकडगंजात दुमजली घर बांधलं. खालचा मजला थंड, त्याला भाडं जास्त, म्हणून तो वसंतरावांना भाड्यानं दिला आणि स्वतः वर टिनाच्या छपराखाली राहिले.

रिटायर होईपर्यंत कर्ज फिटलं, पण गुडघे गेले. आता खालचा मजला स्वतःला हवा होता, तर वसंतराव सोडेनात. जिन्यात अर्ध्यावर बसून काका कुरकुरायचे, "हा माणूस हलूनच नाही राहिला!" कोर्टात जायची मात्र हिंमत नव्हती.

शेवटी वसंतरावांनी स्वतःचं घर बांधलं. वास्तुशांतीत त्यांच्याहून खूश बापूकाका! इतवारीच्या बाजारातून भात शिजवायचा पितळेचा मोठा गंज आणून आहेर केला, लाडू मागून मागून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी खालचं दार वाजवलं. "मंग वसंतराव, सामान कवा नेता जी?"

"कुठं?"

"कुठं म्हंजे? तुमच्या नव्या घरी!"

"ते त भाड्यानं देल्लं, बापूसाहेब. घर म्हंजे म्हातारपणाची सोय, हे तुम्हीच त शिकवलं मले. बसा, चहा घ्या. वर लय तापून राहिलं असन."