ल्युकच्या गावाचा नकाशा

तुम्ही सगळे क्लायंटला घाबरता ना? मग आमच्या बाबांचं ऐका. बाबा निवृत्त भूगोल शिक्षक. मी तेव्हा खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत होतो आणि ल्युक नावाचा फ्रेंच क्लायंट आमच्या कामात रोज चुका काढायचा. काँट्रॅक्ट वाढवायचं की नाही, हे त्याच्याच हातात. तो कामासाठी इकडे आला, तेव्हा म्हटलं, घरी चहाला नेऊ, जरा नरम पडेल.

बाबांनी विचारलं, "आपलं गाव कुठलं?"

तो खुलला. दक्षिण फ्रान्समधलं छोटंसं गाव, टेकडीवर किल्ला, खाली नदी, भोवती द्राक्षांचे मळे.

"तोंडी नको. नकाशा काढा," म्हणत बाबांनी वही पुढे केली.

मी डोळ्यांनी खुणावतोय, पण बाबा कसले बघतात! बिचाऱ्याने चहा गार होईपर्यंत नकाशा काढला. बाबांनी लाल पेन उघडलं.

"दहापैकी सहा. उत्तर दिशा नाही, सूची नाही. किल्ला कुणी बांधला?"

"नक्की माहीत नाही."

"स्वतःच्या गावचा? मग पाच."

ल्युक गार चहा तसाच ठेवून हॉटेलवर गेला. माझी नोकरी गेली, असंच मी धरून चाललो.

महिन्याने फ्रान्सहून बाबांच्या नावाने पाकीट आलं. आत नवा नकाशा, सूचीसकट. मागे किल्ल्याचा पानभर इतिहास आणि शेवटी एकच ओळ: "सर, आता किती?"

मी हात जोडले. "बाबा, दहा द्या. काँट्रॅक्टवर अजून सही व्हायचीय."

"साडेसात," बाबा म्हणाले. "नदी कुठल्या दिशेला वाहते, त्याचा बाण कुठंय?"