लॅपटॉपला बांधलेलं कार्ड

…आणि वर ऑफिसातला प्रणीत मला म्हणतो, 'इतकं घाबरण्यासारखं काय आहे त्यात?' घाबरू नको? तुम्हीच सांगा! शेजारच्यांनी मिक्सर लावला तरी दचकणारी मी, कुरियरवाल्याने बेल वाजवली की आधी 'मी नाही केलं' म्हणणारी मी, आणि माझ्याच टेबलावर, माझ्याच लॅपटॉपवर पिवळी पाटी झळकते, 'सावधान'! कशापासून सावधान, ते नाही सांगत… नुसतंच सावधान!

तुम्हाला सांगते, सुरुवात केली आमच्या गौरीताईने. तिचं लग्न होऊन आठ महिने झाले. फोटो चार हजार तीनशे सोळा, व्हिडिओ वेगळे, आणि ते सगळे माझ्या लॅपटॉपमध्ये, कारण अल्बमसाठी फोटो निवडायचं काम मी हौसेने अंगावर घेतलेलं. मागच्या महिन्यात पुण्याहून तिचा फोन. "अगं, फोटोग्राफरने त्याच्याकडचं सगळं पुसून टाकलं म्हणे! आता फक्त तुझ्याकडे आहे. बाबा नाचले तो व्हिडिओसुद्धा!" आता आमचे बाबा म्हणजे आरतीच्या टाळ्यासुद्धा ज्यांच्या ठेक्यात पडत नाहीत असा माणूस, तो वरातीत अकरा सेकंद नाचला, पुन्हा नाचेल ही आशाच नको, आणि ते अकरा सेकंद कुठे? तर सहा वर्षांच्या, खर्र खर्र करणाऱ्या माझ्या लॅपटॉपच्या पोटात!

ऑफिसात प्रणीतला म्हटलं, काय करू? तो म्हणाला, "हार्ड डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर असतं ना, टाक. नुसतं बघायला काय हरकत आहे?"

खरंच, नुसतं बघायला काय हरकत आहे!

मी मल्लेश्वरमला वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालक, उमाकांतकाका आणि स्मिताकाकू. तीन पिढ्या बेंगळुरात, त्यामुळे मराठीत कन्नड आपोआप येतं. काका सरकारी कारखान्यात सदतीस वर्षं यंत्रांची देखभाल करून निवृत्त झालेत, पण यंत्रांना ते कुणी कळवलेलं नाही. मी फोटोंची गोष्ट सांगितली मात्र, काकांनी कपाटातून फडक्यात गुंडाळलेली एक बाहेरून जोडायची डिस्क काढली. "घे. वापरलीच नाही फारशी. न वापरलेली वस्तू झिजत नाही, सरी?"

सरी, म्हणजे ठीक! डिस्क जोडली, सॉफ्टवेअर टाकलं, उघडलं… आणि पिवळं!

आता घाबरून बंद करायला हवं होतं की नाही? पण तुम्हाला सांगते, ते इतकं मजेशीर निघालं! डिस्कला ताप किती, चव्वेचाळीस. एकूण किती तास जागी होती, तेही लिहिलेलं. किती जागा खराब होऊन बाजूला काढल्या, छप्पन्न. अहो, आपल्याला आपले दात किती किडले ते माहीत नसतं, आणि ही डिस्क स्वतःची कुंडली लिहीत बसलेली! मी दुपारी बघितलं, चहा करताना बघितलं, भाजी फोडणीला टाकून बघितलं. नुसतं बघायला काय हरकत आहे?

मग काका वर आले ते भला लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन. मी दोन पावलं मागे! तर त्यांनी टोक लॅपटॉपवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टरांसारखे. "स्वल्प थांब… आतून काही नाही गं. खरखर पंख्याची आहे. डिस्क निरोगी."

"पण काका, पिवळं दाखवतंय!"

"हूं. कॉम्प्युटर म्हणतो तर असेल," काका म्हणाले, पण अशा चेहऱ्याने, जसं काही कारखान्यात त्यांच्या डोक्यावर कुणी पोरगा साहेब आणून बसवलाय. तरी कर्तव्य सोडलं नाही हो! खाली जाऊन जुनं देखभालीचं कार्ड आणलं, त्याला सुतळी, आणि बांधलं लॅपटॉपच्या बिजागरीला. तारीख, तापमान, शेरा, सही. "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि माझी डिस्क काढू नकोस, यंत्र तपासणीत असताना काही हलवायचं नाही."

दहा दिवस! ऑफिसात ते कार्ड लोंबतंय, मीटिंगमध्ये लोंबतंय, डिस्क आपली शेपटासारखी मागे… आणि खराब जागा छप्पन्नच्या झाल्या एकसष्ट! मी विचार केला, बिचारा आजारी लॅपटॉप, त्याच्या डोक्यावर लग्नाचं ओझं कशाला? म्हणून सगळे फोटो उचलले आणि काकांच्या डिस्कमध्ये नेऊन ठेवले. कॉपी नाही हं… उचलून! इथे एकही ठेवला नाही! केवढी हुशार मी!

दुसऱ्या दिवशी काका कार्ड तपासायला आले. चष्मा वर, बोट पडद्यावर. "एनम्मा, हे काय? किती वेळा चालू केला, दोनशे बारा?"

"हो काका."

"लॅपटॉप रोज लावतेस?"

"रोज."

"सहा वर्षं?"

"…हो."

"मग दोनशे बाराच कसे?"

तुम्हाला सांगते, माझ्या पायाखालची फरशी सरकली. पडद्यावर वरच्या बाजूला दोन चौकोन होते. दोन! एक निळा, एक पिवळा, आणि मी दहा दिवस फक्त पिवळ्यावर बसलेले. निळा म्हणजे लॅपटॉप, सत्त्याण्णव टक्के, ठणठणीत. पिवळा म्हणजे… काकांची डिस्क! कार्ड एकाच्या गळ्यात, ताप दुसऱ्याला, आणि बाबांचा नाच तापलेल्याच्या पोटात!

काका आधी फुलले. "बघ! माझा कान! सदतीस वर्षं!" आणि मग एकदम विझले. "पण माझी डिस्क… ती तर कपाटात…"

दारातून काकू म्हणाल्या, "कपाटात अकरा महिने. दसऱ्याच्या आयुधपूजेला तुम्हीच मांडता ना तिला पान्यांच्या ढिगात? गेल्या वर्षी मोठा पाना कुणावर पडला? कुंकू मीच पुसलं की हो!"

काकांनी हळूच डिस्कवरून बोट फिरवलं. त्यांनी दरवर्षी पूजा केलेली एकमेव डिस्क!

फोटो परत आणायला पावणेचार तास. काकांनी स्क्रूड्रायव्हर आता योग्य पेशंटला लावलेला, श्वाससुद्धा हळू. "हूं… घासतंय… चल, चल, मगळे, चल पोरी." सगळं आलं, आणि शेवटी एक व्हिडिओ त्रेसष्ट टक्क्यांवर अडला. तोच! मी कुलदेवतेला काय काय कबूल केलं ते मलाच आठवत नाही. काकू म्हणाल्या, हलव जरा. काका ओरडले, हात लावायचा नाही! पाच मिनिटं… सात… आणि टुक! मी किंचाळले. पण आला होता हो! अकरा सेकंद, पूर्ण!

आता फोटो तीन ठिकाणी ठेवलेत. कार्ड काकांच्या डिस्कला बांधलंय, शेरा 'सेवानिवृत्त'. आनंदाने ताईला फोन केला, सगळी कथा सांगितली, ताप, कार्ड, दोनशे बारा, त्रेसष्ट टक्के…

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. अल्बमचे किती निवडलेस?"

"…अजून उघडले नाहीत गं."

"आठ महिन्यांत एकही?" ताई म्हणाली. "अगं, फोटो होते. नुसतं बघायला काय हरकत होती?"